‘पोटचं पोर कुणी विसरतं का?’ : एका बातमीनंतरचा राग आणि त्यामागची भीती

एका लांबच्या बातमीने एका घरात काय काय घडवलं, त्याची ही नोंद. मी समुपदेशनाचं काम करते. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची लिहायला संमती आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

हे गृहस्थ पस्तिशीच्या आसपासचे. हिशेब तपासणीचं काम करतात, त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा पाहण्याची सवय अंगात मुरलेली. पत्नीही नोकरी करते. मुलगी दीड वर्षाची. तिला पाळणाघरात सोडायचं काम बहुतेक दिवशी पत्नीकडे आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी यांच्याकडे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

बातमी त्यांच्या शहरातली नव्हती. कुठल्यातरी दूरच्या गावात एका वडिलांना सकाळी बाळाला पाळणाघरात सोडायचं होतं. ते थेट कामावर गेले. बाळ मागच्या सीटवर झोपलेलं होतं. दिवसभर गाडी उन्हात उभी राहिली. पहिल्या दिवशीच्या मथळ्यांचा सूर ‘निष्काळजी बाप’ असाच होता. सोबत पोलिसांच्या गाडीत बसलेल्या त्या माणसाचा फोटो होता, आणि फोटोत तो रडत नव्हता.

आमच्या गृहस्थांनी बातमीखाली प्रतिक्रिया लिहिली: ‘हा विसरलेला नाही. पोटचं पोर कुणी विसरत नसतं. जन्मठेप द्या.’ अनेकांनी ती उचलून धरली. एरवी ते असं काही लिहिणारे नाहीत. त्या दिवशी मात्र लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

तो हलकेपणा रात्रीपर्यंतच टिकला.

समस्या

माझ्याकडे ते आले तेव्हा बातमी जुनी झाली होती, पण त्यांच्यापुरती ती रोज नव्याने घडत होती. झोप तुटत होती. त्या प्रकरणाची प्रत्येक पुढची बातमी आणि त्याखालच्या शेकडो प्रतिक्रिया ते वाचत होते. ऑफिसातून मधेच उठून पार्किंगमध्ये जायचे, गाडीची मागची सीट पाहायचे आणि परत यायचे. पत्नी मुलीला घेऊन घरी असली तरीही हे चालायचं. एकदा तिने फोनवर विचारलं, ‘अरे, ती इथे माझ्या मांडीवर आहे. तू तिथे काय शोधतोयस?’ तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून ते भेटायला आले.

मला त्यांनी सांगितलेली समस्या मात्र वेगळीच होती. ‘जगात अशी माणसं आहेत, हे सहन होत नाही.’ पहिली भेट जवळजवळ सगळी त्या बापाबद्दलच झाली. तो फोनवर बोलत असणार, त्याला मूल नकोच असणार, त्याच्या चेहऱ्यावर दुःख कसं नाही.

ऐकताना एक विसंगती ठळक दिसत होती. कुठलाही बाप विसरू शकत नाही अशी ज्याची खात्री आहे, तो स्वतः दिवसातून अनेकदा पार्किंगमध्ये का उतरतो? राग सांगत होता की हे फक्त वाईट माणसाच्या हातून घडतं. पाय सांगत होते की माझ्याही हातून घडू शकतं.

पहिला निर्णय इथेच होता: ही विसंगती लगेच दाखवायची की नाही? मी दाखवली नाही. तो राग त्यांचं कुंपण होता. कुंपणाच्या आत काय आहे हे कळण्याआधी ते पाडणं मला योग्य वाटलं नाही.

त्याऐवजी तपासायच्या गोष्टी तपासल्या. हे तपासणं आधीपासून होतं का? कुलूप, गॅस, नळ यांबाबत? नव्हतं. जेवण, कामातलं लक्ष? ठीक होतं. मुलीला हातून काही इजा होईल असे विचार येतात का, हे थेट विचारावं लागतं, आणि पालक ते स्वतःहून सांगत नाहीत. त्यांनी बराच वेळ घेतला आणि हो म्हणाले. मागच्या सीटवरचं चित्र डोळ्यांपुढे येतं, आणि त्या चित्रात मूल त्यांचं असतं. असे नकोसे विचार अचानक येणं हे वेडाचं किंवा दुष्टपणाचं लक्षण नाही. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी असे विचार येत असल्याचं सांगितलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोग या एका माहितीचा झाला असावा.

हा आघात म्हणायचा का, असं त्यांनी विचारलं. निदानाच्या भाषेत, नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार बातम्यांतून किंवा पडद्यावर पाहिलेली घटना आघातोत्तर ताणविकाराच्या व्याख्येत बसत नाही. अपवाद फक्त कामाचा भाग म्हणून ती पाहावी लागणाऱ्यांचा. पण शिक्का बसत नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या घटनेचं वार्तांकन पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. आधी ताण आणि म्हणून जास्त पाहणं, असंही यात असू शकतं. दोन्ही दिशांनी ते चक्र फिरतं, आणि आमचे गृहस्थ नेमके त्यातच अडकले होते.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा सल्ला होता बातम्या बंद करण्याचा. घरच्यांनी तोच दिला होता आणि त्यात गैर काही नाही. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या जागतिक अहवालात ३९ टक्के लोकांनी बातम्या कधी कधी किंवा बऱ्याचदा टाळत असल्याचं सांगितलं आहे. पण यांनी ते करून पाहिलं होतं. फोन बाजूला ठेवला की डोक्यातलं चित्र जास्त स्पष्ट व्हायचं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं, तेव्हा ते अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं. इथे अस्वलाच्या जागी स्वतःचं मूल होतं.

दुसरा पर्याय आकड्यांचा. अमेरिकेत याची नोंद १९९८ पासून ठेवली जाते. तेव्हापासून उष्ण गाडीत हजाराहून अधिक मुलं दगावली आहेत, म्हणजे वर्षाला सरासरी सदतीसच्या आसपास. कोट्यवधी मुलांच्या देशात हे विरळ आहे. जी घटना चटकन आठवते ती आपल्याला जास्त वेळा घडणारी वाटते, हे ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं. हे सगळं सांगून ‘म्हणून घाबरू नका’ असं म्हणता आलं असतं. मी हा मार्ग बाजूला ठेवला, कारण त्यांचा प्रश्न शक्यतेचा नव्हताच. प्रश्न होता, ‘मी तसा आहे का?’ शिवाय हा धोका विरळ असला तरी टाळता येणारा आहे. अशा धोक्याबद्दल नुसता धीर देणं म्हणजे त्यातला खरा भागही फेकून देणं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याचा पर्याय राखून ठेवला आणि त्याच्या अटी त्यांना उघड सांगितल्या: तपासणं दुसऱ्या गोष्टींवर पसरलं, झोप सुधारली नाही किंवा ते मुलीला जवळ घ्यायला घाबरू लागले, तर वाट पाहायची नाही.

उरलेला पर्याय अवघड होता: माणूस आपलं मूल कसा विसरतो, हे त्यांना नीट समजावून सांगणं. धोका उघड होता. ज्या विश्वासावर ते उभे होते तोच काढून घ्यायचा, आणि ‘मीही विसरू शकतो’ या जागी त्यांना आणून सोडायचं. पत्नीचा याला विरोध होता. ‘आधीच झोपत नाहीये, त्यात हे कशाला?’ तिचं म्हणणं वाजवी होतं. तरीही हाच पर्याय निवडला, पण एका अटीवर. विसरणं कसं घडतं हे ज्या भेटीत सांगायचं, त्याच भेटीत ते घडू नये म्हणून काय करायचं हेही ठरवायचं. नुसती माहिती देऊन त्यांना घरी पाठवायचं नाही.

काय केलं

सुरुवात त्यांच्या बातमीपासून मुद्दाम केली नाही. ऑस्ट्रेलियातलं चेंबरलेन प्रकरण सांगितलं. १९८० च्या ऑगस्टमध्ये उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या, पर्यटक तंबू ठोकतात त्या जागेवरून ॲझेरिया नावाची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. तिला डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, नेलं असं आई लिंडी पहिल्यापासून सांगत होती. गोष्ट विचित्र होती आणि आई दूरचित्रवाणीवर अपेक्षेइतकी रडत नव्हती. देशभर लोकांनी मनाशी निकाल लावून टाकला. १९८२ मध्ये न्यायालयानेही तिला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप दिली. १९८६ मध्ये बाळाचा हरवलेला अंगरखा डिंगोंच्या वावराच्या भागात सापडला आणि तिची सुटका झाली. १९८८ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. मृत्यूचं कारण डिंगो असं अधिकृतपणे नोंदवलं गेलं ते २०१२ मध्ये. बत्तीस वर्षं.

त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, ‘पण इथे तर त्याने स्वतः कबूल केलंय की तो विसरला.’

हिशेबनिसाला शोभेल असा हा आक्षेप होता, आणि त्यावरूनच पुढे जाता आलं. होय, तो विसरला. मग विसरणं म्हणजे काय?

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातले मेंदूविज्ञान संशोधक डेव्हिड डायमंड यांनी अशा घटनांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांची मांडणी साधारण अशी. ‘आज वाटेत अमुक करायचं आहे’ हे लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि रोजचा रस्ता आपोआप कापणारी सवयीची स्मृती वेगळी. दोघींत चढाओढ लागली की सवय बऱ्याचदा जिंकते. येताना औषधं आणायची असतात आणि आपण सरळ घरी पोचतो, तेव्हा हेच घडलेलं असतं. सवय ‘हे औषध, ते मूल’ असा भेद करत नाही. अशा बऱ्याच घटनांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: त्या दिवशी क्रम बदललेला असतो, झोप अपुरी असते, मूल मागे गाढ झोपलेलं असतं आणि त्याचं सामान नजरेसमोर नसतं. आणि सर्वांत भयंकर भाग म्हणजे पालकाला दिवसभर मनापासून वाटत असतं की आपण मुलाला सोडून आलो. त्यामुळे त्याला आठवण्याचं कारणच उरत नाही.

क्रम बदललेला दिवस. त्यांच्याही आठवड्यात तसा एक दिवस होता. ते मला सांगावं लागलं नाही.

‘म्हणजे तो निर्दोष?’ त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. मी तसं म्हटलं नव्हतं. अमेरिकेतल्या नोंदींत निम्म्याहून अधिक मुलं विसरली गेलेली आहेत. साधारण चौथा हिस्सा स्वतःच गाडीत शिरून अडकलेल्या मुलांचा, आणि साधारण पाचवा हिस्सा मोठ्यांनी जाणूनबुजून सोडलेल्यांचा. म्हणजे प्रत्येक घटनेचा तपास व्हायलाच हवा. फक्त पहिल्या दिवशीच्या फोटोवरून तो आपल्याला करता येत नाही.

मग मेल्विन लर्नर यांचा १९६६ चा प्रयोग सांगितला. एका स्त्रीला विजेचे धक्के बसताना (ते खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हतं) काहींनी पाहिलं. तिचा त्रास थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांनी तिलाच कमी लेखलं. जग न्यायी आहे आणि वाईट हे वाईटांच्याच वाट्याला येतं, हा विश्वास टिकवण्याची ती धडपड, असं लर्नर यांचं म्हणणं. माझ्या मते विचित्र बातम्यांखाली जी निर्दयता वाहते तिच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. तो माणूस राक्षस ठरला की आपलं घर सुरक्षित.

‘म्हणजे मी लिहिलं ते त्याच्याबद्दल नव्हतंच,’ ते म्हणाले.

उरलेला वेळ व्यवस्था ठरवण्यात गेला. ऑफिसची बॅग पुढे न ठेवता मागच्या सीटवर, मुलीच्या शेजारी. ज्या दिवशी सोडण्याची पाळी बदलेल, त्या दिवशी पोचल्यावर पत्नीला निरोप. पाळणाघराशी बोलून ठेवायचं की ठरलेल्या वेळेनंतर मूल आलं नाही आणि कळवलंही नसेल, तर दोघांनाही फोन करायचा. गाडीच्या तापमानाबद्दलही बोललो, कारण ‘काच थोडी उघडी असती तर’ हा विचार त्यांना छळत होता. ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये आलेल्या अभ्यासात, बाहेर २२ अंश सेल्सिअस इतकी सौम्य हवा असतानाही उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात आणखी सुमारे २२ अंशांनी चढलं. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच किंचित उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही.

तपासण्याबाबत मात्र कमी करायला सांगितलं. ‘धोका खरा आहे, मग तपासू का नको?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ मध्ये दाखवलं की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली की ती तपासल्याची आठवण धूसर होते आणि आपल्याच आठवणीवरचा विश्वास घटतो. दहाव्यांदा पाहिल्यावर खात्री पहिल्यापेक्षा कमी असते. म्हणून गाडीतून उतरताना एकदा, मागचं दार उघडून आणि सीटवर हात ठेवून पाहायचं. त्यानंतर परत जायचं नाही.

बातम्यांसाठी नियम सोपा ठेवला: धक्का देणारी बातमी त्याच दिवशी सविस्तर वाचायची नाही, दुसऱ्या दिवशी एकदाच वाचायची, आणि प्रतिक्रिया वाचायच्या नाहीत.

राहिली त्यांची स्वतःची प्रतिक्रिया. ठेवायची, पुसायची की खाली दुरुस्ती लिहायची? मी मत दिलं नाही. त्यांनी ती पुसून टाकली.

परिणाम

त्या भेटीनंतरचा आठवडा वाईट गेला. पार्किंगच्या फेऱ्या वाढल्या. पत्नीने जे भाकीत केलं होतं तेच घडलं, आणि तिने ते मला स्पष्ट सांगितलं. पाळणाघराशी बोलणं अजून झालेलं नव्हतं. ते झाल्यावर उतार सुरू झाला. आपण विसरलो तरी दुसरं कुणीतरी विचारेल, हे कळल्यावर मनाला पहारा सोडता आला. पुढच्या काही आठवड्यांत कामाच्या वेळेतल्या फेऱ्या थांबल्या. झोप सुधारली. तज्ज्ञांकडे पाठवण्याची वेळ आली नाही.

राग गेला नाही. त्याने दिशा बदलली. ऑफिसात अशाच आणखी एका बातमीवर सहकारी म्हणाला, ‘असा कुणी विसरतो का?’ आणि हे त्याच्यावर इतके तुटून पडले की दोघांचं काही दिवस बोलणं बंद झालं. आधी विसरणारा राक्षस होता, आता निवाडा करणारा. याचा मला अंदाज आला नव्हता. त्यावर एक पूर्ण भेट गेली. त्या सहकाऱ्यालाही लहान मुलगा आहे, हे त्यांना बोलता बोलताच आठवलं.

मूळ बातमीचा उरलेला भाग दरम्यान बाहेर आला होता, आतल्या पानावर. त्या सकाळी त्या वडिलांचा नेहमीचा क्रम बदललेला होता. संध्याकाळी ते गाडी घेऊन पाळणाघरात मुलाला आणायलाही गेले होते.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. पाळणाघराशी बोलणं आणि बॅग मागे ठेवणं या गोष्टींसाठी मेंदूविज्ञान समजावं लागत नाही. त्या पहिल्याच आठवड्यात झाल्या असत्या तर तो वाईट आठवडा कदाचित सौम्य गेला असता. दुसऱ्या बाजूने, ‘मी विसरणारच नाही’ अशी खात्री असणारा माणूस आधी व्यवस्था करायला तयार झाला असता का, याची मला शंका आहे. पुढच्या वेळी मी व्यवस्था ‘आजी, मावशी, शेजारी, कुणीही सोडायला गेलं तरी’ म्हणून मांडून पाहीन. त्यात त्या माणसावर आरोप येत नाही.

पत्नीला दुसऱ्या भेटीपासूनच बोलवायला हवं होतं का? बहुधा हो. पार्किंगच्या फेऱ्या तिला सर्वांत आधी दिसल्या होत्या, आणि व्यवस्थेचा अर्धा भाग तिच्याच हातात होता.

चेंबरलेन प्रकरण सगळ्यांसाठी योग्य नाही. ज्यांचं स्वतःचं मूल गेलं आहे किंवा जे नुकतेच पालक झाले आहेत, त्यांना मी ते सांगणार नाही. तिथे मूल नसलेली घटना निवडावी. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज यांचा खून झाला, तेव्हा ३८ जण नुसते पाहत राहिले असं छापून आलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. पुढे ते वर्णन फार फुगवलेलं असल्याचं सिद्ध झालं. पहिल्या बातमीवरून माणसांबद्दल काढलेले निष्कर्ष किती काळ चिकटून राहतात, हे त्यातूनही कळतं.

प्रतिक्रिया पुसण्याबाबत मी अजून विचार करते. पुसल्याने त्यांची सुटका झाली. पण ज्यांनी ती उचलून धरली होती त्यांच्यापर्यंत पुढचं काहीच पोचलं नाही. त्याच जागी ‘मी हे रागात लिहिलं होतं, नंतर असं कळलं’ अशी दोन वाक्यं आणि मागच्या सीटवर बॅग ठेवण्याची युक्ती लिहिली असती, तर ती एखाद्या दुसऱ्या पालकाच्या उपयोगी पडली असती. त्या वेळी त्यांना ते झेपलं नसतं, म्हणून सुचवलं नाही. शेवटच्या भेटीत सुचवलं. ते म्हणाले, ‘ऑफिसातल्या त्या मित्राला आधी सांगतो. त्याच्या मुलाला आता पाळणाघरात घालायचंय.’